पिवळा बोल्ट पांढरा का झाला

कारखाने पर्यावरणाला जपणारे बदल का करतात, हा प्रश्न मला कामामुळे रोज भेटतो. नाशिक भागातल्या सातपूर, अंबड, गोंदे, सिन्नर या पट्ट्यातल्या कारखान्यांचं पर्यावरणाचं काम मी बघते. कन्सेंटचे कागद, सांडपाण्याचे नमुने, विजेचा हिशोब, ग्राहक कंपन्यांच्या ऑडिटची तयारी, असं सगळं त्यात येतं. आधी एका मोठ्या कंपनीच्या युटिलिटी विभागात होते, आता स्वतंत्रपणे करते. व्यवस्थापनाच्या अभ्यासात या प्रश्नाचं उत्तर यादीच्या रूपात मिळतं: कायद्याचा दबाव, बाजाराची मागणी, खर्चातली बचत, वरिष्ठांची इच्छाशक्ती, कंपनीची प्रतिमा. यादी चुकीची नाही. पण शेडमध्ये उभं राहिलं की यादीत नसलेली एक गोष्ट दिसू लागते. बदल कोणत्या कारणासाठी झाला, यावरून तो कारखान्यात नेमका कुठे झाला हे ठरतं.

धाकापोटी केलेला बदल कंपाउंडच्या भिंतीशी, पाइपाच्या टोकाला सापडतो. बिलापोटी केलेला बदल यंत्रापाशी असतो. गिऱ्हाइकासाठी केलेला बदल थेट मालात उतरतो. आणि ज्या गोष्टीला या तिघांपैकी कुणीच वाली नाही, ती वर्षानुवर्षं तशीच राहते. नाशिकमध्ये अशी राहून गेलेली गोष्ट म्हणजे पाणी. त्यावर शेवटी येते, कारण मला मुख्य बोलायचंय ते त्याबद्दलच.

आधी धाक. महाराष्ट्राने जलप्रदूषणाचा स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, १९७० मध्ये प्रदूषण नियंत्रण मंडळ उभं राहिलं आणि केंद्राचा जल कायदा १९७४ मध्ये आला. सातपूरची वसाहत तेव्हा बाळसं धरत होती. आज बहुतेक कारखान्यांना उभारणीसाठी मंडळाची एक संमती लागते आणि चालवायला दुसरी. दोन्हींना सगळे कन्सेंटच म्हणतात. त्यात पाणी किती वापरायचं, किती सोडायचं, सोडलेल्या पाण्यात काय किती असलेलं चालेल, हे सगळं लिहिलेलं असतं. उदाहरणार्थ, प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर दुसऱ्या धातूचा मुलामा चढवण्याच्या, सांडपाण्यात हेक्साव्हॅलंट (सहा संयुजेचं) क्रोमियम लिटरमागे ०.१ मिलिग्रॅमच्या वर चालत नाही. लिटरमागे मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा! इतकी कडक मर्यादा असण्याचं कारण आहे. हे क्रोमियम कर्करोगाला कारण ठरतं. ज्यांनी क्रोमच्या टाक्यांवर आयुष्य काढलं, त्यांच्या बोटांवर लवकर न भरणाऱ्या खोल जखमा होतात आणि नाकाच्या आतल्या पडद्याला भोक पडतं.

ही मर्यादा पाळायची म्हणजे काय, ते एकदा उभं राहून बघण्यासारखं आहे. टाकीत पिवळंधमक पाणी असतं. ऑपरेटर त्यात आम्ल सोडून पीएच अडीचच्या आसपास आणतो आणि मग सोडियम मेटाबायसल्फाइट टाकतो. जळक्या गंधकासारखा वास घशात बसतो. ढवळणी चालू राहते आणि पिवळा रंग बघता बघता मळकट हिरवा होतो. विषारी सहा संयुजेचं क्रोमियम तीन संयुजेचं झालं, याची ती खूण. मग चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक टाकून पीएच साडेआठपर्यंत चढवला की हिरवट गाळ तळाशी बसू लागतो. तो फिल्टर प्रेसमधून दाबून काढायचा, पिशव्यांत भरायचा, मॅनिफेस्टसह, म्हणजे कचरा कुठून कुठे गेला याच्या नोंदपत्रासह, रांजणगाव किंवा तळोज्याला घातक कचऱ्याच्या केंद्राकडे पाठवायचा.

यातली प्रत्येक पायरी पैसे खाते आणि एकही पायरी पैसे देत नाही. केमिकल, वीज, माणूस, गाळाची गाडी, सगळा निव्वळ खर्च. त्यामुळे ज्या कारखान्यात ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायची ही यंत्रणा, फक्त धाकापोटी उभा आहे, तिथे ऑर्डरची घाई झाली, माणूस रजेवर गेला किंवा महिनाअखेर आली की पहिली काट त्याच्यावर बसते. तो बंद राहिला म्हणून त्या दिवशीचं उत्पादन एका नगानेही कमी होत नाही. ही त्या यंत्रणेच्या जागेचीच अडचण आहे. ती उत्पादनाच्या बाहेर बसलेली आहे.

म्हणून मी धाकाला कमी लेखते असं मात्र कुणी समजू नये. गोदावरीच्या प्रदूषणावरची जनहित याचिका उच्च न्यायालयात गेली, नीरी या राष्ट्रीय पर्यावरण संशोधन संस्थेच्या शिफारशी आल्या, तेव्हा कुठे या शहरात नदीचा विषय फायलींमध्ये हलू लागला. सिंहस्थ जवळ आला की तपासण्या आणि बैठका वाढतात, हे मी २०१५ ला पाहिलं आणि आता पुन्हा पाहते आहे. कायदाच नसता तर सातपूर-अंबडच्या नाल्यांतून काय वाहिलं असतं याची कल्पना करवत नाही. धाकामुळे पहिलं पाऊल पडतं. पुढची पावलं मात्र त्याच्या जोरावर पडत नाहीत, एवढंच माझं म्हणणं आहे.

बिलाचं तसं नसतं. अंबडमधल्या एका मशीनिंगच्या कारखान्यात साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी गेले होते. सगळी सीएनसी मशिनं बंद. मालक आणि मेंटेनन्सचा मुलगा, दोघेच हजर. मी फक्त हवा दाबून यंत्रांना पुरवणारा कॉम्प्रेसर चालू करायला सांगितला. हवेला गिऱ्हाईकच नसल्याने दाब भरला की त्याने अनलोड होऊन गप्प बसायला हवं होतं. तो दर थोड्या वेळाने पुन्हा लोडवर येत राहिला. मग साबणाच्या पाण्याची स्प्रे बाटली घेऊन आम्ही लाइनच्या कडेकडेने फिरलो. क्विक कपलिंगवर फवारा मारला की बुडबुडे, निळ्या पीयू ट्यूबच्या टोकाशी बुडबुडे, एफआरएल म्हणतात त्या हवेच्या फिल्टरच्या ड्रेनशी तर फेसच. मालक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “मॅडम, हे रात्रंदिवस चालू असतं?” मी हो म्हटलं. संध्याकाळपर्यंत प्रत्येक गळतीवर लाल चिठ्ठी लागली होती.

देखभालीकडे दुर्लक्ष झालेल्या कारखान्यांत कॉम्प्रेसरने तयार केलेल्या हवेतली वीस-तीस टक्के हवा अशी गळून जाणं, हे या कामातल्या माणसांना नवीन नाही. लाइनचा दाब गरजेपेक्षा एक बारने जास्त ठेवला असेल आणि तो उतरवला तर त्या कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्क्यांनी कमी लागते. पंखे आणि पंप यांचं गणित तर त्याहून देखणं आहे. वेग कमी केला की वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात उतरते. ब्लोअरचा वेग ऐंशी टक्क्यांवर आणला तर वीज निम्म्यावर येते. वर्षानुवर्षं ब्लोअर पूर्ण वेगात चालवून पुढे डँपरने हवा अडवून धरणारे कारखाने मी पाहिलेत. तिथे वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवल्यावर पुढच्या महिन्याचं बिल येतं आणि मालक स्वतः फोन करतात.

अशी बचत कुणी रात्री बंद करत नाही. तपासणी अधिकारी वर्षातून कधीतरी येतो, बिल दर महिन्याला येतं. म्हणून ऊर्जेच्या बाबतीत नाशिकच्या उद्योगाने जे केलं ते मनापासून आणि झपाट्याने केलं. एलईडी आले, छपरांवर सोलर आलं, तेलाच्या भट्ट्या बदलल्या. द्राक्षाच्या पट्ट्यातल्या वायनरींच्या छपरांवरही पॅनेल दिसतात. केंद्राचा ऊर्जा संवर्धन कायदा २००१ चा आणि मोठ्या ऊर्जाखाऊ उद्योगांना बचतीचं लक्ष्य देणारी पॅट योजना २०१२ ची. त्यांनी मोठ्यांना रेटा दिला, पण लहान शेडपर्यंत पोचलं ते बिलच. फक्त बिलाचा एक स्वभाव लक्षात ठेवावा लागतो. ‘दोन वर्षांत वसूल होत असेल तर बोला,’ हे वाक्य मी सगळ्यात जास्त ऐकते. अडीच वर्षांत वसूल होणारी, पंधरा वर्षं टिकणारी चांगली गोष्ट त्या वाक्यापाशी अडकून पडते.

आता पिवळ्या बोल्टकडे येते.

ज्यांनी कधी गॅरेजमध्ये किंवा हार्डवेअरच्या दुकानात वेळ काढला असेल, त्यांना तो बोल्ट आठवेल. सोनेरी, त्यावर इंद्रधनुषी झाक. जस्ताचं प्लेटिंग झालं की बोल्ट क्रोमेटच्या बाथमध्ये, म्हणजे द्रावणाच्या टाकीत, काही सेकंद बुडवायचे की हा रंग यायचा. त्याला पिवळं पॅसिव्हेशन म्हणतात. गंज त्याने दूर राहायचा आणि बोल्टवर ओरखडा पडला तरी तो थर स्वतःला सावरून घ्यायचा, इतका तो गुणी. बाथही सोशीक. पीएच थोडा इकडे-तिकडे झाला, तापमान कमी-जास्त झालं, तरी माल उतरायचा. गिऱ्हाईक बोल्ट उजेडात धरून रंग बघायचं आणि मान डोलवायचं. आणि तो पिवळा रंग म्हणजेच वर सांगितलेलं हेक्साव्हॅलंट क्रोमियम.

कायदा इथेही होता, पण तो फक्त सांडपाण्याकडे बघत होता. बाथमध्ये काय आहे आणि बोल्टवर काय बसतंय याच्याशी त्याला कर्तव्य नव्हतं. बदल आला तो बाहेरून. युरोपीय संघाने वाहनांमधल्या शिसं, पारा, कॅडमियम आणि हेक्साव्हॅलंट क्रोमियम यांच्यावर निर्बंध आणणारा निर्देश २००० मध्ये काढला. क्रोमियमच्या लेपांना त्यात २००७ च्या जुलैपर्यंत मुदत मिळाली. विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणांसाठीचा तसाच निर्देश, ज्याला सगळे रोह्‌स म्हणतात, २००६ च्या जुलैपासून लागू झाला. आपले ई-कचऱ्याचे नियम २०११ चे, ते २०१२ मध्ये अमलात आले. म्हणजे आपल्या देशाचा नियम येण्याच्या कितीतरी आधी नाशिकच्या स्विचगिअर आणि वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांमधून वेंडरच्या, म्हणजे माल पुरवणाऱ्या लहान कारखान्यांच्या, हाती पत्रं पडली: अमुक तारखेपासून माल हेक्स-फ्री हवा, सोबत चाचणीचा अहवाल हवा.

मी ज्या प्लेटिंगच्या शेडमध्ये अजूनही जाते, तिथले मालक, आम्ही त्यांना काका म्हणतो, त्या पत्राबद्दल अजूनही तितक्याच तपशिलाने बोलतात. काका अभियंता नाहीत. मुंबईत एका प्लेटिंगच्या गाळ्यात हेल्परची नोकरी करून नाशिकला आले आणि इथे स्वतःची लाइन टाकली. त्यांना ट्रायव्हॅलंटचा, म्हणजे तीन संयुजेच्या क्रोमियमचा, बाथ आधी अजिबात आवडला नव्हता. केमिकल महाग. जॉब, म्हणजे प्लेटिंगचा नग, जास्त वेळ बुडवून ठेवावा लागतो. पीएच आणि तापमान सांभाळावं लागतं. बाथमध्ये लोखंड उतरलं की तो नासतो, म्हणून बॅरलमधून (बोल्ट बुडवायच्या फिरत्या पिंपातून) तळाशी पडलेला एखादा बोल्ट तसाच राहिला तरी महागात पडतं. शिवाय माल निळसर पांढरा दिसतो. जुन्या गिऱ्हाइकांनी तो बघून विचारलं, “पॅसिव्हेशन केलंय की नाही?” मिठाच्या फवाऱ्यात माल किती तास गंजत नाही हे बघणाऱ्या सॉल्ट स्प्रेच्या चाचणीत पहिले लॉट नापास झाले. वाळवणीचं तापमान बदललं, वर सीलर आला, प्रत्येक शिफ्टला पीएचची नोंद सुरू झाली, तेव्हा कुठे तास भरू लागले.

इथे जे घडलं ते मला फार मोलाचं वाटतं. बाथ हळवा असल्याने शिस्त लागली. शिस्त लागल्याने रिजेक्शन उतरलं. बाथमध्येच सहा संयुजेचं क्रोमियम उरलं नाही म्हणून ईटीपीतली ती आम्ल आणि मेटाबायसल्फाइटची पायरीच गेली, त्या केमिकलचा खर्च गेला आणि घशात बसणारा वासही गेला. बाथवरचे जुने कामगार, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी एकदा हात पुढे करून दाखवला. बोटांच्या पेरांवर जुन्या जखमांचे गोल वण होते. “ताई, हे सगळे पिवळ्याचे. नवीन एकपण नाही,” म्हणाले. गिऱ्हाइकाच्या त्या पत्रात कामगाराच्या बोटांचा उल्लेख कुठेही नव्हता. युरोपातल्या कुठल्याशा भंगाराच्या जागेत मोडलेल्या गाडीतून क्रोमियम जमिनीत झिरपू नये, एवढ्यासाठी तो नियम होता. त्याचा फायदा अंबडमधल्या एका माणसाच्या हाताला झाला.

मायकेल पोर्टर यांनी १९९१ मध्ये मांडलं होतं की नियम कडक आणि नीट रचलेला असेल तर तो उद्योगाला नवं शोधायला भाग पाडतो आणि त्या शोधातून होणारा फायदा पुष्कळदा नियमाचा खर्च भरून काढतो. यावर अर्थतज्ज्ञांचे वाद अजून चालू आहेत. माझं मत काकांच्या शेडमध्ये बनलं. नियमाने काय नको ते सांगितलं, कधीपर्यंत नको ते सांगितलं, आणि कसं करायचं ते तुमचं तुम्ही बघा म्हणून सोडून दिलं. ईटीपीच्या नियमात ही मोकळीक कमी असते, तिथे लक्ष टोकाच्या आकड्यावर खिळतं. जर्मनीने १९९४ मध्ये काही अॅझो रंगांवर बंदी घातली तेव्हा भारतातल्या चामड्याच्या आणि कापडाच्या उद्योगालाही असंच रंगांपासून सगळं बदलावं लागलं होतं. बंदी मालावर होती, म्हणून बदल मालाच्या उगमापर्यंत गेला.

वाहनांच्या धुराचे निकषही याच जातीचे. भारताने बीएस-५ ओलांडून थेट बीएस-६ वर जायचं ठरवलं आणि १ एप्रिल २०२० ही तारीख पाळली. डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनवणाऱ्या या शहरात, जिथे चौकालाच इंजेक्टर बनवणाऱ्या कंपनीच्या जुन्या नावाने मायको सर्कल म्हणतात, त्या तारखेचा अर्थ पुस्तकातून शिकावा लागला नाही. नोझलच्या भोकाची अचूकता, धुण्याच्या यंत्रातल्या पाण्याची स्वच्छता, धुळीचे कण मोजायची खोली, सगळं बदललं. लहान वेंडरही त्यात ओढले गेले. आणि हेही खरं की धूर कमी करण्याची ही वाट पुढे विजेच्या गाडीकडे जाते आणि विजेच्या गाडीला नोझल लागतच नाही. ज्या घरांची चूल त्या नोझलवर पेटते, त्यांच्यासमोर पर्यावरणाचं गुणगान करताना मला हे विसरता येत नाही. त्या घरांतल्या मुलांना दुसरं काम शिकवण्याची तयारी उद्योगाने आणि सरकारने आत्ताच करायला हवी.

मोठ्या कंपन्यांचं मी थोडक्यात सांगते, कारण त्यांच्याबद्दल त्यांचे अहवाल पुरेसं सांगतात. महिंद्राने २०१६ मध्ये स्वतःच्या कार्बनवर टनामागे १० डॉलर अशी अंतर्गत किंमत लावली. अशा किमतीमुळे एक गोष्ट होते: ज्या खर्चाचं बिल बाहेरून येत नाही त्याचं बिल कंपनी स्वतःच स्वतःला पाठवते. त्यांचा इगतपुरीचा इंजिन कारखाना देशातला पहिला कार्बन न्यूट्रल कारखाना म्हणून प्रमाणित झाला, तोही आपल्याच जिल्ह्यात. सेबीने २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर हा पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, त्यामुळे वीज, पाणी, कचरा यांचे आकडे गुंतवणूकदारांसमोर जाऊ लागले. आणि शेजाऱ्याचं बघून करणं हेही एक खरं कारण आहे. निमा किंवा आयमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या बैठकीत कुणी सोलरचा अनुभव सांगितला की पुढच्या महिन्यात त्याच गल्लीतल्या दोन-तीन छपरांवर मापं घेणारे लोक चढलेले दिसतात. त्यात काही वाईट नाही. ओळखीच्या माणसाचा अनुभव हा लहान उद्योजकासाठी कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा भरवशाचा असतो.

पण बीआरएसआरचे आकडे भरायचे म्हणून मोठी कंपनी वेंडरकडे आकडे मागते आणि इथे माझा जीव तुटतो. पन्नास प्रश्नांची एक्सेल येते. बरोबर ‘कॉस्ट डाउन’ची मागणीही येते. माल हिरवा हवा आणि दरवर्षी स्वस्तही हवा, आणि पैसे मात्र नव्वद दिवसांनी. लघुउद्योगांचे पैसे ४५ दिवसांत द्यावेत असा कायदा २००६ पासून आहे. आयकराचं कलम ४३बी(एच) १ एप्रिल २०२४ पासून लागू झालं, त्यामुळे सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे मुदतीत दिले नाहीत तर मोठ्या कंपनीला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळत नाही. याने थोडा फरक पडला आहे. लहान कारखान्याने नवीन ड्राइव्ह किंवा नवीन टाकी घ्यायची तर ती कुठल्या पैशातून? दोष आणि पर्यावरणाची हानी कमी ठेवणाऱ्या कारखान्यांना मिळणाऱ्या झेड प्रमाणपत्राच्या शुल्कात सरकार सूक्ष्म उद्योगाला ८०, लघुउद्योगाला ६० आणि मध्यमाला ५० टक्के अनुदान देतं. ते घ्यावंच. तरी मी ठामपणे म्हणेन की वेळेवर आलेलं पेमेंट हे लहान कारखान्यासाठी पर्यावरणाचं सगळ्यात मोठं अनुदान आहे.

आता पाणी.

नासर्डी, जिला आता कागदोपत्री नंदिनी म्हणतात, औद्योगिक वसाहतींच्या कडेने आणि मग वस्त्यांमधून वाहत येऊन टाकळीला गोदावरीला मिळते. तिच्या आजच्या अवस्थेत घरगुती सांडपाण्याचा वाटा मोठा आहे. सगळं कारखान्यांवर ढकलणं अन्यायाचं होईल. पण पाणी वापरायची कारखान्यांची पद्धत मात्र गेल्या वीस वर्षांत सगळ्यात कमी बदललेली आहे आणि त्याचं कारण सरळ आहे. पाण्याचं बिल विजेच्या बिलाशेजारी ठेवलं तर नजरेतच भरत नाही. गिऱ्हाइकाच्या चेकलिस्टमध्ये पाण्यावर एखादाच रकाना असतो आणि त्यात हो-नाही एवढंच लिहायचं असतं. बोल्टकडे बघून तो किती पाण्यात धुतला गेला हे कुणाला सांगता येत नाही. उरतो फक्त धाक. आणि धाकाचं लक्ष पाइपाच्या टोकाला. टाकीत दिवसभर मोकळा सोडलेला नळ पाइपाच्या टोकाहून दिसत नाही.

खरं तर प्लेटिंगमध्ये पाणी वाचवण्याइतकी स्वस्त सुधारणा दुसरी नसेल. जॉब बाथमधून बाहेर येतो तेव्हा त्याच्या अंगावर थोडं द्रावण चिकटून येतं. त्याला ड्रॅगआउट म्हणतात. ते धुवायचं. समजा एक लिटर ड्रॅगआउट हजारपट पातळ करायचं आहे. एकाच टाकीत वाहत्या पाण्याने धुतलं तर हजार लिटर पाणी लागतं. दोन टाक्या एकामागे एक ठेवल्या, जॉब पहिलीतून दुसरीत गेला आणि स्वच्छ पाणी उलट दिशेने दुसरीतून पहिलीत आलं, तर साधारण ३२ लिटर पुरतात. तीन टाक्या केल्या तर दहा. हजारवरून दहा! यात परदेशी यंत्र नाही, पेटंट नाही. दोन जास्तीच्या टाक्या, उंचीत थोडा फरक आणि ओसंडणारा पाइप. त्याआधी जॉब टांगलेला रॅक बाथवर काही सेकंद नुसता निथळू दिला तर ड्रॅगआउटच कमी होतो, केमिकल वाचतं आणि गाळही कमी बनतो.

मग हे सगळीकडे का नाही? जागा नाही म्हणून. रॅक निथळायला थांबलं तर शिफ्टचे नग कमी होतात म्हणून. नळाला मीटर नाही म्हणून किती वाया जातं ते माहीत नाही म्हणून. यातलं कुठलंही कारण डोंगराएवढं नाही. फक्त त्यांच्या समोर उभं राहायला तोडीचं कारण नाही. प्लेटिंगवाल्यांसाठी सामायिक सांडपाणी प्रकल्पाची मागणी नाशिकमध्ये जुनी आहे आणि तो झालाच पाहिजे, पण तोही पाइपाच्या टोकालाच असणार. टाकीतला मोकळा नळ त्याने बंद होणार नाही.

म्हणून सध्या मी एकाच गोष्टीच्या मागे लागले आहे. गिऱ्हाइकाने जसं क्रोमियम विचारलं तसं पाणी विचारावं: किलोमागे किती लिटर, मीटरच्या नोंदीसह. युरोपने सिमेंट, पोलाद, अॅल्युमिनियम अशा मालाच्या कार्बनचा हिशोब १ ऑक्टोबर २०२३ पासून मागायला सुरुवात केली आणि १ जानेवारी २०२६ पासून त्याला किंमत लावली. त्या यादीत नट-बोल्टही आहेत. सिन्नरचे बोल्ट बनवणारे आता वायर रॉडच्या पुरवठादाराला विचारतात की तुमचं पोलाद कोणत्या भट्टीत वितळलं. पाच वर्षांपूर्वी हा प्रश्न कुणी विचारला असता तर समोरच्याने चहा मागवून विषय बदलला असता. प्रश्न विचारायची ताकद खरेदी विभागात असते, हे यातून दिसतंच आहे. ती पाण्यासाठी वापरायला कुणी अडवलेलं नाही.

एका ग्राहक कंपनीच्या खरेदी विभागातल्या अधिकाऱ्याशी माझी यावर तीन बैठका भरेल एवढी चर्चा झाली. त्यांचं म्हणणं, आकडा मागितला तर वेंडर अंदाजपंचे भरून देतील. माझं म्हणणं, आधी मीटर मागा, आकडा वर्षाने मागा. शेवटी वेंडर ऑडिटच्या पुढच्या आवृत्तीत धुण्याच्या लाइनला वेगळा मीटर आहे का, हा प्रश्न गुणांसह घालायला ते तयार झाले. गुणांसह म्हटल्यावर काकांनी वाट बघितली नाही. मीटर आला, बसला. काकांचा मुलगा, जो इंजिनिअरिंग करून आता शेड बघतो, रोज सकाळी त्याचं रीडिंग माझ्या व्हॉट्सअॅपवर टाकतो. पहिल्या आठवड्याचे आकडे बघून तो स्वतःच म्हणाला की रात्रपाळीतही नळ दिवसाइतकाच वाहतो आहे, माल मात्र निम्मा असतो.

आता प्रश्न तिसऱ्या टाकीचा आहे. ड्रायर आणि भिंत यांच्यामध्ये जागा होते, पण तिथे जुन्या रॅकचं कपाट आहे आणि मागे केबलचा ट्रे. मामांचं मत आहे की कपाट हलवायची गरज नाही, टाकी अरुंद आणि खोल करून घ्यावी, बॅरल तिच्यात बसेल. फॅब्रिकेटर गुरुवारी माप घ्यायला येतो आहे.